विश्लेषण : चाचे पकडले सोमालियाजवळ, खटला मुंबईत! परदेशी गुन्हेगारांना शिक्षा देण्याचा अधिकार आपल्या न्यायालयाला कसा मिळतो?

दिंडोरी तालुक्याला समुद्रकिनारा नाही. तरीही दरवर्षी जानेवारी ते एप्रिल या काळात तालुक्यातील हजारो कुटुंबांची वर्षभराची कमाई समुद्रावरून प्रवास करत असते. मोहाडी, खेडगाव, जानोरी, वणी या पट्ट्यात खुडलेली द्राक्षे पॅकहाऊसमध्ये प्रतवारी होऊन, प्री-कूलिंग करून रिफर कंटेनरमध्ये भरली जातात. कंटेनर न्हावा शेवा बंदरातून युरोपकडे निघतो. पुढचा प्रवास अरबी समुद्र, एडनचे आखात, तांबडा समुद्र आणि सुएझ कालवा असा ठरलेला असतो.

२०२३-२४ च्या हंगामात हाच मार्ग दोन बाजूंनी धोक्यात आला. तांबड्या समुद्रात येमेनमधील हौथी बंडखोर जहाजांवर हल्ले करत होते आणि सोमालियाच्या बाजूला काही वर्षे शांत असलेले समुद्री चाचे पुन्हा सक्रिय झाले होते. त्यातील ३५ चाच्यांना भारतीय नौदलाने मार्च २०२४ मध्ये पकडून मुंबईत आणले. पकडलेले परदेशी, जहाज परदेशी, ओलीस ठेवलेले खलाशी परदेशी आणि घटनास्थळ भारतापासून सुमारे २,६०० किलोमीटर दूर. मग गुन्हा मुंबई पोलिसांकडे कसा? शिक्षा देण्याचा अधिकार भारतीय न्यायालयाला कोणी दिला? आणि हाच अधिकार वंशसंहार किंवा युद्धगुन्ह्यांसारख्या आणखी मोठ्या गुन्ह्यांबाबत आपल्या न्यायालयांना आहे का?

मार्च २०२४ मध्ये नेमके काय घडले?

माल्टाचा ध्वज असलेले ‘एमव्ही रुएन’ हे मालवाहू जहाज १४ डिसेंबर २०२३ रोजी सोमाली चाच्यांनी ताब्यात घेतले. सुरुवातीला जहाजावर १८ खलाशी होते. त्यांतील एका जखमी खलाशाची काही दिवसांत सुटका झाली आणि भारतीय नौदलाने त्याला उपचारासाठी हलवले. उरलेले १७ जण तीन महिने ओलीस राहिले. ते बल्गेरिया, म्यानमार आणि अंगोला या देशांचे नागरिक होते.

मार्चमध्ये चाच्यांनी हेच जहाज घेऊन नव्या शिकारीसाठी खोल समुद्रात येण्याचे धाडस केले. १५ मार्च रोजी ‘आयएनएस कोलकाता’ने त्याला गाठले. चाच्यांनी युद्धनौकेच्या दिशेने गोळीबार केला. सुमारे ४० तास कारवाई चालली. हवाई दलाच्या सी-१७ विमानातून ‘मार्कोस’ कमांडो थेट समुद्रात उतरवण्यात आले. १६ मार्च रोजी सर्व ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप सुटले. २३ मार्च रोजी ‘आयएनएस कोलकाता’ मुंबईत पोहोचली आणि चाच्यांना मुंबई पोलिसांच्या ताब्यात देण्यात आले.

काही दिवसांतच दुसरी कारवाई झाली. ‘अल कंबर ७८६’ ही इराणी मासेमारी नौका चाच्यांच्या तावडीतून सोडवण्यात आली. तिच्यावरील २३ खलाशी पाकिस्तानी होते. नऊ चाच्यांना पकडून एप्रिलच्या सुरुवातीला मुंबईत आणण्यात आले. पाकिस्तानी नागरिकांवर झालेल्या गुन्ह्याचे आरोपी भारतीय न्यायव्यवस्थेच्या हवाली झाले, ही गोष्ट या विषयाचे वेगळेपण सांगण्यास पुरेशी आहे.

द्राक्ष बागायतदाराला याचे काय?

द्राक्ष हा नाशवंत माल आहे. ऑक्टोबर छाटणीपासून शंभर-सव्वाशे दिवस जपलेला घड कंटेनरमध्ये शून्य अंशाच्या आसपास ठेवला, तरी त्याचे आयुष्य मोजकेच असते. त्या हंगामात बहुतेक मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडून आफ्रिकेला वळसा घालणारा केप ऑफ गुड होपचा मार्ग धरला. प्रवास साधारण दहा ते पंधरा दिवसांनी लांबला. भाडे वाढले, विम्याचा हप्ता वाढला आणि माल पोहोचेपर्यंत बाजारभाव काय राहील याचा भरवसा उरला नाही. त्याआधी नोव्हेंबर २०२३ अखेरीच्या गारपिटीने नाशिक जिल्ह्यातील बागांना फटका दिलाच होता.

दुसरा संबंध माणसांचा. महाराष्ट्रातील अनेक तरुण मर्चंट नेव्हीत आहेत आणि ते केवळ किनारपट्टीचे नाहीत. जहाज ज्या देशाचे असेल त्या देशाचा ध्वज, मालक तिसऱ्याच देशाचा, खलाशी चार-पाच देशांचे, अशी आजची जहाजे असतात. अशा जहाजावर कोणी ओलीस पडला, तर त्याच्या घरच्यांनी दाद कोणाकडे मागायची, हा प्रश्न कोणत्याही गावात उभा राहू शकतो.

गुन्हा घडला तिथेच खटला चालतो ना?

फौजदारी कायद्याचा साधा नियम तोच आहे. वणीच्या बाजारात दुचाकी चोरीला गेली, तर फिर्याद वणी पोलीस ठाण्यात आणि खटला त्या हद्दीतील न्यायालयात. हद्द हा अधिकाराचा पाया. देशांच्या बाबतीतही तसेच. त्यात काही भर पडते. आपला नागरिक परदेशात गुन्हा करून आला किंवा भारतात नोंदलेल्या जहाजावर गुन्हा घडला, तरी भारतीय न्यायालयाला अधिकार असतो.

खुल्या समुद्रावर मात्र कोणाचीच हद्द नसते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत देशाचा प्रादेशिक समुद्र, २०० सागरी मैलांपर्यंत विशेष आर्थिक क्षेत्र आणि त्यापुढे सगळ्यांचा समुद्र. तिथे दरोडा पडला आणि प्रत्येक देश ‘आमची हद्द नाही’ म्हणाला, तर गुन्हेगार मोकळाच. म्हणून काही शतकांपूर्वीच एक नियम रूढ झाला. चाचा हा साऱ्या मानवजातीचा शत्रू आहे, जो देश त्याला पकडेल त्याने त्याच्यावर खटला चालवावा. कायद्याच्या भाषेत याला सार्वत्रिक अधिकारक्षेत्र म्हणतात. गुन्हा कुठे झाला, कोणी केला, कोणावर झाला हे पाहण्याआधी गुन्ह्याचे स्वरूप पाहिले जाते.

१९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराने हा नियम लेखी केला. कलम १०० नुसार चाचेगिरी रोखण्यासाठी सहकार्य करणे हे सर्व देशांचे कर्तव्य आहे. कलम १०५ नुसार जो देश चाच्यांचे जहाज पकडतो, त्या देशाची न्यायालये शिक्षा ठरवू शकतात. भारताने १९९५ मध्ये या कराराला मान्यता दिली.

मग हौथींचे हल्लेही चाचेगिरीच का नाहीत?

इथे व्याख्या महत्त्वाची ठरते. करारातील कलम १०१ नुसार चाचेगिरी ठरण्यासाठी मुख्यतः तीन गोष्टी लागतात. कृत्य खुल्या समुद्रावर झालेले हवे, एका खासगी जहाजावरून दुसऱ्या जहाजावर झालेले हवे आणि त्यामागे खासगी हेतू हवा. खंडणीसाठी जहाज पळवणारे सोमाली टोळके या चौकटीत सरळ बसते.

हौथी स्वतःच्या हल्ल्यांना गाझातील युद्धाशी जोडत होते. किनाऱ्यावरून सोडलेले क्षेपणास्त्र किंवा ड्रोन हे ‘एका जहाजाने दुसऱ्यावर केलेले कृत्य’ ठरत नाही. शिवाय राजकीय हेतूला खासगी हेतू म्हणायचे का, यावर कायदेपंडितांत मतभेद आहेत. त्यामुळे द्राक्षाचा कंटेनर दोन्ही कारणांनी उशिरा पोहोचला, तरी कायद्याच्या लेखी ही दोन प्रकरणे वेगळी आहेत. एकावर मुंबईत खटला चालू शकतो, दुसऱ्याचे उत्तर अजून तरी नौदल आणि मुत्सद्देगिरी यांच्याकडेच शोधले जाते.

करार होता, तर वेगळ्या कायद्याची गरज का पडली?

भारतात आंतरराष्ट्रीय करारावर सही झाली म्हणून न्यायालयाला लगेच शिक्षा देता येत नाही. संसदेने त्यासाठी कायदा करावा लागतो. राज्यघटनेच्या कलम २५३ ने संसदेला तो अधिकार दिला आहे. दुसरीकडे कलम २० (१) सांगते की, कृत्य घडले तेव्हा जो कायदा अमलात होता त्याचा भंग झाला असेल तरच शिक्षा देता येईल. गुन्हा कितीही घोर असो, पुस्तकात तो गुन्हा म्हणून लिहिलेला हवा.

ही उणीव मुंबईनेच प्रथम अनुभवली. ऑक्टोबर १९९९ मध्ये ‘अलोंड्रा रेनबो’ हे जपानी मालकीचे, पनामाचा ध्वज असलेले जहाज इंडोनेशियातून सुमारे सात हजार टन अॅल्युमिनियम घेऊन निघाले आणि पळवले गेले. त्यावरील १७ खलाशांना तराफ्यावर सोडून देण्यात आले. थायलंडजवळ एका मासेमारी नौकेने त्यांना वाचवले. चाच्यांनी जहाजाचे नाव बदलून ‘मेगा रामा’ केले. नोव्हेंबरमध्ये भारतीय तटरक्षक दल आणि नौदलाने पाठलाग करून ते अरबी समुद्रात पकडले. १५ इंडोनेशियन आरोपींना मुंबईत आणण्यात आले.

भारतीय दंड संहितेत चाचेगिरी नावाचा गुन्हाच नव्हता. दरोडा, चोरी अशा जमिनीवरच्या गुन्ह्यांची कलमे समुद्रातील घटनेला लावावी लागली. २००३ मध्ये सत्र न्यायालयाने सात वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा दिली. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातून आरोपी सुटले. परदेशी माणसाने, परदेशी जहाजावर, खुल्या समुद्रात केलेल्या कृत्याला आपला कायदा कुठवर लागू होतो, हा प्रश्न या खटल्याने ठळकपणे समोर आणला. कायदा मात्र पुढची सतरा वर्षे आला नाही.

२०११ मध्ये काय झाले?

सोमाली चाचेगिरी शिगेला पोहोचली तेव्हा जानेवारी ते मार्च २०११ या तीन महिन्यांत भारतीय नौदल आणि तटरक्षक दलाने चार कारवायांत १२० चाच्यांना पकडले. ‘प्रांतालय १४’, ‘प्रांतालय ११’ आणि ‘वेगा ५’ या पळवलेल्या नौकांचा चाचे मुख्य नौका म्हणून वापर करत होते. एकट्या ‘वेगा ५’च्या कारवाईत ६१ जण पकडले गेले.

त्या काळी अनेक देशांची नौदले चाच्यांची शस्त्रे काढून घेत आणि त्यांना सोडून देत. कारण खटला म्हणजे पुरावे, परदेशी साक्षीदार, दुभाषी, वकील, तुरुंग आणि शिक्षेनंतर परत पाठवण्याची व्यवस्था. हे ओझे केनिया आणि सेशेल्ससारख्या देशांनी काही प्रमाणात उचलले. भारताने आपले आरोपी मुंबईत आणले आणि दंड संहितेसह उपलब्ध कायद्यांच्या आधारे खटले चालवले. ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने त्यांतील १५ जणांना सात वर्षांची सक्तमजुरी सुनावली. तोपर्यंत त्यांची साडेसहा वर्षे कच्चे कैदी म्हणूनच गेली होती. शिक्षा झाली तेव्हा ती जवळजवळ भोगून झालेली होती.

या खटल्यांची किंमत कोणी मोजली?

याचे उत्तर ‘अॅस्फाल्ट व्हेंचर’ या जहाजाच्या कहाणीत आहे. सप्टेंबर २०१० मध्ये हे जहाज १५ भारतीय खलाशांसह पळवले गेले. एप्रिल २०११ मध्ये खंडणी दिली गेली, जहाजही सुटले. पण चाच्यांनी शब्द फिरवला. आठ खलाशांना सोडले आणि सात जणांना किनाऱ्यावर नेले. ‘भारताने आमची माणसे पकडली आहेत, ती सोडा, मग हे सुटतील,’ अशी त्यांची मागणी होती. या सात भारतीयांची सुटका व्हायला ऑक्टोबर २०१४ उजाडला. चार वर्षांहून अधिक काळ ते सोमालियात ओलीस होते.

न्यायासाठी केलेल्या कारवाईचा सूड ज्यांचा तिच्याशी काही संबंध नव्हता त्या खलाशांवर आणि त्यांच्या घरच्यांवर उगवला गेला. म्हणून चाच्यांना सोडून द्यायचे का? तसे केले तर पुढचे जहाज पळवले जाणार हे ठरलेलेच. पण पकडणे आणि खटला चालवणे एवढ्यावर सरकारची जबाबदारी संपत नाही, ओलीस असलेल्यांच्या सुटकेचा आणि त्यांच्या कुटुंबांचा विचार त्याच वेळी करावा लागतो, हे या प्रकरणाने शिकवले.

नवा कायदा काय सांगतो?

सागरी चाचेगिरीविरोधी विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, स्थायी समितीकडे गेले आणि डिसेंबर २०२२ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. २०२३ मध्ये तो कायदा अमलात आला. ‘रुएन’ प्रकरण हे या कायद्याच्या पहिल्या मोठ्या परीक्षांपैकी एक आहे. कायद्यातील मुख्य तरतुदी अशा :

• चाचेगिरी हा स्वतंत्र गुन्हा ठरला. भारताच्या विशेष आर्थिक क्षेत्राला लागून असलेल्या आणि त्यापलीकडच्या समुद्राला कायदा लागू होतो.

• चाचेगिरीसाठी जन्मठेप, दंड किंवा दोन्ही. चाचेगिरी करताना कोणाचा मृत्यू झाला किंवा जीव घेण्याचा प्रयत्न झाला, तर मृत्युदंड किंवा जन्मठेप.

• चाचेगिरीचा प्रयत्न, मदत, चिथावणी यासाठी दहा वर्षांपर्यंत कैद. समुद्रावर न जाता टोळी चालवणाऱ्या, सूत्रे हलवणाऱ्यांसाठी चौदा वर्षांपर्यंत कैद.

• नौदल, तटरक्षक दल आणि अधिकार दिलेल्या सरकारी जहाजांवरील अधिकाऱ्यांना अटक आणि जप्तीचा अधिकार.

• उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींशी सल्लामसलत करून केंद्र सरकार काही सत्र न्यायालयांना विशेष न्यायालये म्हणून नेमते. आरोपी कोणत्याही देशाचा असला, तरी तो भारतीय नौदलाच्या किंवा तटरक्षक दलाच्या ताब्यात आला असेल, तर या न्यायालयाला अधिकार आहे.

• परदेशी जहाजावर घडलेल्या गुन्ह्यात मात्र त्या जहाजाच्या ध्वजाचा देश, जहाजाचा मालक किंवा जहाजावरील कोणीही व्यक्ती यांनी हस्तक्षेपाची विनंती केलेली हवी.

शेवटची तरतूद खलाशांच्या दृष्टीने मोलाची आहे. परदेशी कंपनीच्या जहाजावर काम करणाऱ्या एका साध्या खलाशाची विनंतीही भारतीय न्यायालयाचा दरवाजा उघडू शकते.

आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप निर्दोषत्वाच्या गृहीतकाबाबत आहे. साधारणपणे गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर असते. या कायद्यात मात्र आरोपीकडे शस्त्रे सापडली किंवा खलाशांवर बळाचा वापर झाल्याचा पुरावा मिळाला, तर आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकला आहे. जामिनाच्या अटीही कडक आहेत. पळवलेल्या नौकेवर मूळचे मच्छीमार, जबरदस्तीने कामाला लावलेले खलाशी आणि चाचे एकत्र असू शकतात. त्यामुळे कोण कोण आहे हे नीट तपासणे फार महत्त्वाचे ठरते.

दुसरा आक्षेप मृत्युदंडाचा. अनेक देश मृत्युदंडाची शक्यता असेल तर आरोपीचे प्रत्यार्पण करत नाहीत. सूत्रधार परदेशात सापडला, तर ही तरतूदच त्याला भारतात आणण्याच्या आड येऊ शकते, हा मुद्दा विधेयकावरील चर्चेतही आला होता.

तिसरा मुद्दा अटकेचा. अटकेपासून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे, असे घटनेचे कलम २२ सांगते. हजारो किलोमीटर दूर पकडलेल्या आरोपीला २४ तासांत कसे आणणार? याचे उत्तर त्याच कलमात आहे. अटकेच्या ठिकाणापासून न्यायालयापर्यंतच्या प्रवासाला लागणारा वेळ त्यातून वगळलेला आहे. ‘आयएनएस कोलकाता’ला मुंबई गाठायला आठवडा लागला. तो प्रवासाला लागलेला आवश्यक वेळच होता, हे गरज पडल्यास दाखवून द्यावे लागते.

परदेशी आरोपींना भारतीय घटनेचे संरक्षण मिळते का?

मिळते. मतदान किंवा भाषणस्वातंत्र्यासारखे काही हक्क फक्त नागरिकांना आहेत. पण कायद्यापुढे समानता (कलम १४) आणि जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क (कलम २१) हे ‘व्यक्ती’ला दिलेले आहेत. आरोपीला समजेल त्या भाषेत साक्षीपुरावा सांगितला जावा, वकील परवडत नसेल तर सरकारी खर्चाने मिळावा, हे त्यातूनच येते.

मुंबईला याचा अनुभव आहे. २६/११ च्या हल्ल्यातील अजमल कसाबला वकील देण्यात आला. मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाने शिक्षा सुनावली, फेब्रुवारी २०११ मध्ये उच्च न्यायालयाने आणि ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. प्रत्येक पायरी पूर्ण झाली म्हणून जगात कोणाला त्या निकालाकडे बोट दाखवता आले नाही. सोमाली चाच्यांच्या खटल्यात दुभाष्यावर होणारा खर्च हा उपकार नाही, निकाल टिकण्यासाठीची ती अट आहे.

वंशसंहार, युद्धगुन्हे यांचे काय?

चाचेगिरीसाठी जो मार्ग आता खुला झाला, तो इतर आंतरराष्ट्रीय गुन्ह्यांसाठी भारतात बऱ्याच अंशी बंद आहे.

युद्धगुन्ह्यांसाठी १९६० चा जिनिव्हा करार कायदा आहे. युद्धकैदी, जखमी सैनिक, नागरिक यांच्याबाबत कराराचा गंभीर भंग भारतात किंवा भारताबाहेर कोणीही केला, तरी त्यात शिक्षेची तरतूद आहे. पण तक्रार सरकारने किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने केली तरच न्यायालय दखल घेऊ शकते. पीडित व्यक्ती थेट दाद मागू शकत नाही.

वंशसंहारविरोधी कराराला भारताने १९५९ मध्ये मान्यता दिली, मात्र त्यासाठी स्वतंत्र कायदा केलेला नाही. मानवतेविरुद्धचे गुन्हे हा प्रकारही आपल्या दंडविधानात नाही. जुलै २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही त्याची भर पडली नाही. १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचारातील सज्जन कुमार प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ च्या निकालात ही पळवाट नेमकेपणाने दाखवली होती आणि ती तातडीने बुजवण्याची गरज सांगितली होती. सामूहिक हत्याकांडांच्या यादीत त्या निकालात १९९३ च्या मुंबईचाही उल्लेख आहे.

हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा पर्यायही मर्यादित आहे. १९९८ च्या रोम कराराच्या मतदानात भारत तटस्थ राहिला आणि आजही सदस्य नाही.

इतर देश काय करतात?

जर्मनीने २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय गुन्ह्यांची स्वतंत्र संहिता केली. तिच्या आधारे कोब्लेन्झ शहरातील न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये सीरियाच्या गुप्तचर यंत्रणेतील माजी कर्नल अन्वर रसलान याला मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी जन्मठेप दिली. गुन्हे दमास्कसच्या कोठडीत घडले होते. आरोपी आणि त्याच्या छळाचे काही बळी दोघेही आश्रयासाठी जर्मनीत आले होते. बळींनी तिथेच साक्ष दिली. चाडचा माजी हुकूमशहा हिसेन हाब्रे याला २०१६ मध्ये सेनेगलमधील विशेष न्यायालयाने जन्मठेप दिली.

मर्यादाही आहेत. चिलीचा माजी हुकूमशहा पिनोशे याला १९९८ मध्ये स्पेनच्या न्यायाधीशाच्या वॉरंटवरून लंडनमध्ये अटक झाली, पण प्रकृतीचे कारण देऊन २००० मध्ये त्याला मायदेशी पाठवण्यात आले. भारतालाही असा अनुभव आला. फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ ‘एन्रिका लेक्सी’ या इटालियन जहाजावरील दोन नौसैनिकांनी चाचे समजून दोन भारतीय मच्छीमारांना गोळ्या घातल्या. आंतरराष्ट्रीय लवादाने २०२० मध्ये निर्णय दिला की, ते सरकारी कामावर असल्याने भारतात त्यांच्यावर खटला चालवता येणार नाही, मात्र भारताला नुकसानभरपाई मिळावी. दहा कोटी रुपये जमा झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये इथला खटला बंद केला. चाच्याला गणवेशाचे संरक्षण नसते, म्हणून त्याच्यावरचा खटला तुलनेने सोपा असतो. आरोपी एखाद्या सरकारचा माणूस असेल, तर न्यायालयाची वाट अवघड होते.

मग दिंडोरीतील कुटुंबाने काय लक्षात ठेवावे?

चाचेगिरीचा खटला दिंडोरीच्या न्यायालयात दाखल करता येत नाही. तो केंद्राने नेमलेल्या विशेष सत्र न्यायालयातच चालतो. नातेवाईक ओलीस असल्यास जहाज कंपनीबरोबरच मुंबईतील नौवहन महासंचालनालय आणि परराष्ट्र मंत्रालय यांच्याकडे लेखी कळवणे, भरती करणाऱ्या एजंटाची नोंदणी, करारपत्र, जहाजाचे नाव आणि त्याचा ध्वज यांची प्रत घरी ठेवणे उपयोगी पडते. हीच कागदपत्रे पुढे साक्षीपुराव्यालाही लागू शकतात.

बागायतदारांच्या बाबतीत फौजदारी खटला नुकसान भरून देत नाही. कंटेनर उशिरा पोहोचल्याने झालेला तोटा हा विमा आणि निर्यातदाराशी झालेल्या कराराचा विषय आहे. सागरी विम्यात साधा विलंब बहुधा वगळलेला असतो. युद्धजोखीम, चाचेगिरी आणि विलंब या तिन्हींबाबत पॉलिसीत काय लिहिले आहे, हे खुडा सुरू होण्याआधीच विचारून घ्यावे.

पुढे काय?

मुंबईतील खटल्यांकडे दोन कसोट्यांवर पाहिले जाईल. पहिली, २०११ च्या आरोपींप्रमाणे शिक्षेइतकाच काळ कच्च्या कैदेत जाण्याआधी निकाल लागतो का? दुसरी, नौकेवरच्या बंदूकधाऱ्यांपलीकडे पैसा पुरवणाऱ्या आणि खंडणीचा सौदा करणाऱ्या माणसांपर्यंत चौदा वर्षांच्या शिक्षेचे ते कलम पोहोचते का?

तिसरा प्रश्न संसदेचा आहे. ‘अलोंड्रा रेनबो’चे आरोपी सुटल्यानंतर चाचेगिरीचा कायदा यायला सतरा वर्षे लागली. वंशसंहार आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांबाबतची पळवाट दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्येच दाखवून दिली आहे. आणि कलम २० (१) मुळे कायदा उशिरा आला, तर आधीच्या गुन्ह्यांना तो लागू करता येत नाही.